हुतात्मा ठेवला, कोठार वगळले

'फॅसिस्ट' हा शब्द संसदेच्या दोन्ही सभागृहांत ज्या सहजतेने उच्चारला जातो, ती पाहता या शब्दाचे मोल फारच घसरले आहे, असे म्हणावे लागते. ही घसरण आजची नाही. १९७४-७५ मध्ये जयप्रकाशांच्या आंदोलनावर भारतीय कम्युनिस्ट पक्ष फॅसिझमचा आरोप करीत होता. जून १९७५ मध्ये आणीबाणी जाहीर झाली आणि विरोधकांनी तोच शब्द इंदिरा गांधींच्या राजवटीला लावला. दोन्ही बाजूंनी एकच शिवी वापरली, की ती शिवी तेवढी उरते आणि तिच्यामागचा विचार हरवतो. म्हणून या शब्दाचा मूळ अर्थ तपासायचा तर काही काळ दिल्लीपासून दूर गेलेले बरे. त्यासाठी रायपूरचा गोल बाजार हे ठिकाण वाटते तितके अप्रस्तुत नाही.

नोकरी-व्यवसायाच्या निमित्ताने छत्तीसगडात राहून आलेल्या मराठी माणसाला गोल बाजाराची ओळख करून देण्याचे कारण नाही. मालवीय रोडलगतची ही जुनी पेठ. जन्मापासून मरणापर्यंत लागणारे सारे सामान येथे मिळते, असे रायपूरकर मोठ्या अभिमानाने सांगतात. लग्नाचा बस्ता, भांडी, मसाले, जडीबुटी, पूजेचे साहित्य, सारे हाकेच्या अंतरावर. येथील दुकाने पिढीजात, गाळे लहान, आणि जमिनीची मालकी महापालिकेची की दुकानदारांची, हा विषय वर्षानुवर्षे चर्चेत घोळत राहिलेला. २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा वस्तू व सेवा कर आणि त्यानंतर घरबसल्या खरेदीची लागलेली सवय, या तिन्हींचा भार अशाच गाळ्यांवर प्रथम पडला. सिलतरा-उरला येथील पोलाद कारखान्यांचे भांडवल आणि गोल बाजारातले भांडवल एकाच शहराच्या परिसरात नांदते. मात्र एकाला सरकारशी करार करता येतो आणि दुसऱ्याला पालिकेच्या पावतीपलीकडे सरकार दिसत नाही.

युरोपातील फॅसिझमचा इतिहास वाचताना हा मधला दुकानदार सतत भेटत राहतो. एकीकडे मोठ्या उद्योगांची स्पर्धा आणि दुसरीकडे संघटित कामगारांची वाढती ताकद, या दोहोंमध्ये तो सापडलेला असतो. फेब्रुवारी १९२० मध्ये नाझी पक्षाने जो पंचवीस कलमी कार्यक्रम जाहीर केला, त्याचे सोळावे कलम खास या वर्गासाठी होते. मोठी वस्तुभांडारे ताब्यात घेऊन त्यांतील जागा छोट्या व्यापाऱ्यांना स्वस्त भाड्याने देऊ, असे ते वचन. जर्मनीतल्या असंख्य लहान व्यापाऱ्यांनी त्यावर विश्वास ठेवला. १९३३ मध्ये सत्ता आल्यावर काय घडले? निवडणुकीपूर्वी, २० फेब्रुवारी १९३३ रोजी, गोअरिंगच्या निवासस्थानी हिटलरने निवडक उद्योगपतींची बैठक घेतली आणि पक्षासाठी तीस लाख मार्कांच्या निधीची बेगमी झाली. वस्तुभांडारे छोट्या दुकानदारांच्या वाट्याला आलीच नाहीत. हेर्मान टीट्झ हे त्यांतले एक बडे भांडार बुडायला आले असताना सरकारच्या संमतीने कर्ज मिळून तरले. ज्यू मालकांचे हात मात्र त्यातून सोडवून घेण्यात आले. दुकानदाराला मिळाले ते शेजारच्या ज्यू दुकानावरील बहिष्काराचे समाधान आणि आपण एका महान इतिहासाचे वारस आहोत, ही भावना.

फॅसिझम, भांडवलशाही आणि राष्ट्रीय इतिहास यांचे नाते समजून घेण्याचा दुवा येथे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. संकटात सापडलेली भांडवलशाही ज्यांच्या पदरात काही टाकू शकत नाही, त्यांची भरपाई फॅसिझम इतिहासातून करतो. ही भरपाई करायची तर इतिहास आहे तसा चालत नाही. त्यातील मालक-मजूर, सावकार-कूळ, जमीनदार-रयत हे तंटे काढून टाकावे लागतात आणि उरलेल्या इतिहासाला एकच शत्रू, तोही परका, पुरवावा लागतो.

दिनदर्शिकेवरील झटापट

इटलीचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. १९२० च्या सप्टेंबरात तुरीन, मिलान येथील कामगारांनी कारखान्यांचा ताबा घेतला होता. त्या धसक्यातून सावरलेल्या मालकवर्गाने मुसोलिनीचा मार्ग सुकर केला. १९२२ च्या ऑक्टोबरात तो सत्तेवर आला आणि पुढच्याच वर्षी त्याने दिनदर्शिकेला हात घातला. १ मे हा कामगारांचा दिवस रद्द झाला. त्याऐवजी श्रमाचा उत्सव २१ एप्रिलला करायचा असे ठरले. २१ एप्रिल का? तर परंपरेनुसार तो रोम नगरीच्या स्थापनेचा दिवस. जगभरच्या मजुरांशी नाते सांगणारा दिवस जाऊन त्या जागी अडीच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीचा राष्ट्रजन्म आला. ऑक्टोबर १९२५ मध्ये उद्योजकांचा महासंघ आणि फॅसिस्ट कामगार संघटना यांनी परस्परांना एकमेव प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली. एप्रिल १९२६ च्या कायद्याने संप हा गुन्हा ठरला. आणि १९२७ मध्ये 'श्रमाची सनद' जाहीर झाली, तीही २१ एप्रिललाच. त्याच वर्षी मजुरीत मोठी कपातही झाली. पुढे १९३२ मध्ये प्राचीन रोमचे अवशेष दिमाखात दिसावेत म्हणून मध्यरोममधील दाट वस्ती पाडून रुंद साम्राज्यपथ काढण्यात आला. तेथे राहणारे लोक शहराबाहेरच्या वसाहतींत हलविण्यात आले.

हिटलरची रीत थोडी निराळी. त्याने १ मे रद्द केला नाही, उलट १९३३ मध्ये भरपगारी 'राष्ट्रीय श्रम दिन' म्हणून तो थाटात साजरा केला आणि दुसऱ्याच दिवशी, २ मे रोजी, देशभरातील कामगार संघटनांची कार्यालये ताब्यात घेतली.

(जाता जाता एक गोष्ट मराठी वाचकांसाठी. आपल्याकडे १ मे १९६० पासून कामगार दिन आणि महाराष्ट्र दिन एकत्र आले. यात कोणाचा कावा नव्हता. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गिरणगावाने रक्त सांडले होते आणि मुंबईच्या हुतात्मा चौकातील शिल्पात मशाल धरलेले शेतकरी व कामगार आहेत. तरीही १९८२ च्या गिरणी संपानंतर या दोन दिवसांपैकी कोणता दिवस सरकारी समारंभात उरला, याचा प्रत्येकाने विचार करावा.)

बिलासपूरचे दोन मराठी

या साऱ्या इटालियन प्रकरणाचा छत्तीसगडाशी संबंध काय, असा प्रश्न वाचक विचारील. संबंध आहे, आणि तो मराठी आहे. डॉ. बाळकृष्ण शिवराम मुंजे यांचा जन्म १८७२ सालचा, बिलासपूरचा. टिळकांचे कट्टर अनुयायी, नागपूरच्या राजकारणातील मोठे नाव. गोलमेज परिषदेहून परतताना ते इटलीत थांबले आणि १९ मार्च १९३१ रोजी रोमच्या पालाझ्झो व्हेनेझियात मुसोलिनीला भेटले. तेथील सैनिकी शाळा आणि 'बालिल्ला' ही मुलांची संघटना त्यांनी बारकाईने पाहिली. १९३७ मध्ये नाशिकला भोंसला मिलिटरी स्कूल उभे राहिले, त्यामागे या पाहणीची प्रेरणा होती. इटालियन संशोधक मार्झिया कॅसोलारी यांनी २००० साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त मुंजे यांच्या रोजनिशीच्या आधारे हे प्रकरण मांडले, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. ही रोजनिशी दिल्लीत तीन मूर्तीच्या ग्रंथालयात पाहता येते. १९२४ ते १९३५ या काळात 'केसरी'तून मुसोलिनीच्या इटलीवर कौतुकाचे लेखन सातत्याने येत होते, असेही कॅसोलारी यांनी दाखवून दिले.

येथे न्यायबुद्धी सोडून चालणार नाही. मुसोलिनीचे आकर्षण त्या काळी अनेकांना होते. रवींद्रनाथ १९२६ मध्ये त्याचे पाहुणे झाले आणि सत्य कळताच त्यांनी जाहीरपणे आपली नापसंती नोंदविली. महात्मा गांधीही डिसेंबर १९३१ मध्ये त्याला भेटले. तेव्हा केवळ भेट हा पुरावा होत नाही. पाहणाऱ्याने काय पाहिले आणि काय पाहिले नाही, हा खरा प्रश्न. मुंजे यांच्या रोजनिशीतील जो भाग प्रकाशात आला, त्यात भर आहे तो तरुणांच्या लष्करी शिस्तीवर. ते रोमला पोहोचले तेव्हा त्या देशात संप बेकायदा होऊन पाच वर्षे झाली होती. इंग्रजांशी लढायला निघालेल्या माणसाला कवायत करणारी मुले दिसली. पण ही कवायत उद्या कारखान्याच्या दारात कोणाच्या बाजूने उभी राहील, ही चौकशी त्या दौऱ्याच्या केंद्रस्थानी नव्हती.

मुंजे यांच्याहून एका वर्षाने मोठे असलेले दुसरे मराठी गृहस्थ याच बिलासपूर-रायपूर परिसरात शिकले. माधवराव सप्रे. तेही टिळकांचेच. १९०० साली पेंड्र्याहून त्यांनी 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक सुरू केले. १९०७ मध्ये नागपुराहून 'हिंदी केसरी' काढला. 'गीतारहस्य' आणि 'दासबोध' हिंदीत नेले. १९०८ मध्ये त्यांना अटकही झाली. स्वदेशीवर लिहिताना त्यांनी प्रश्न मांडला तो पैशाचा: कच्चा माल कोठे जातो आणि नफा कोणाच्या खिशात राहतो. हिंदीतल्या आरंभीच्या लघुकथांत ज्यांची गणना होते अशी त्यांची 'एक टोकरी भर मिट्टी' १९०१ मध्ये प्रसिद्ध झाली. कथा साधी आहे. एका जमीनदाराला वाड्याचे आवार वाढवायचे असते आणि मध्ये एका अनाथ विधवेची झोपडी येते. यातला जमीनदार परका नाही, विलायती तर मुळीच नाही. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी राष्ट्राचा विचार किती भिन्न दिशांनी नेला, हे पाहण्यासारखे आहे. सप्रे १९२६ मध्ये रायपुरात निवर्तले. मराठी वाचकाला त्यांचे नाव आज फारसे ठाऊक नाही, याची खंत वाटते.

कसडोलचे धान्य

गोल बाजारातून मालवीय रोडने चालत गेले की थोड्याच वेळात जयस्तंभ चौक लागतो. सोनाखानचे जमीनदार नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी येथे फाशी दिले, अशी रायपूरची परंपरा सांगते. त्यांचे नाव आज छत्तीसगडात सर्वतोमुखी आहे. छत्तीसगडचा पहिला हुतात्मा, अशीच त्यांची ओळख शाळकरी मुलांना करून दिली जाते. मूळ प्रकरण मात्र इंग्रजांपासून सुरू होत नाही. ते धान्यापासून सुरू होते.

१८५६ मध्ये त्या भागात दुष्काळ पडला. सोनाखानची बिंझवार आदिवासी रयत उपाशी होती आणि कसडोलच्या माखन नावाच्या व्यापाऱ्याच्या कोठारात धान्य होते. नारायणसिंहांनी ते उसने मागितले. व्यापाऱ्याने नकार दिला, तेव्हा त्यांनी कोठार फोडून धान्य वाटले आणि आपण काय केले हे स्वतःच रायपूरचे डेप्युटी कमिशनर इलियट यांना कळविले. व्यापाऱ्याने फिर्याद केली. कंपनी सरकारने उपाशी रयतेची बाजू न घेता मालमत्तेची बाजू घेतली आणि ऑक्टोबर १८५६ मध्ये नारायणसिंहांना कैद झाली. मीरतची ठिणगी पडायला अजून सहा महिने अवकाश होता. पुढच्या ऑगस्टमध्ये ते तुरुंगातून निसटले, सोनाखानला जाऊन त्यांनी माणसे उभी केली, लढले, शरण आले आणि फासावर गेले. इंग्रज या कथेत आहेतच, पण ते कोठाराच्या दारावर पहारा द्यायला येतात.

मराठी माणसाने येथे आणखी एका गोष्टीचे स्मरण ठेवलेले बरे. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत छत्तीसगडावर भोसल्यांची सत्ता होती. रतनपूरला राहून बिंबाजी भोसल्यांनी १७८७ पर्यंत कारभार केला. नंतर सुभेदार आले. जमीनदारांकडून 'टाकोळी' नावाची खंडणी वसूल होत असे. १८१८-१९ च्या सुमारास नारायणसिंहांचे वडील रामराय यांनी भोसले व इंग्रज यांच्या संयुक्त अमलाविरुद्ध शस्त्र उचलले होते, असे स्थानिक इतिहासकार सांगतात. रायपूरच्या तात्यापाऱ्यातील आपल्या मंडळींना मराठेशाहीचा जो अभिमान वाटतो, तो रास्तच आहे; पण सोनाखानच्या बाजूने तोच इतिहास वाचला तर त्यात वसुलीला आलेला माणूस मराठी बोलतो.

स्वातंत्र्यानंतर कितीतरी वर्षे नारायणसिंहांची आठवण स्थानिक परंपरेपुरती राहिली. तिला लोकांत पुन्हा आणण्याचे मोठे श्रेय भिलाई पोलाद कारखान्याच्या दल्ली-राजहरा येथील लोहखनिज खाणींतल्या कंत्राटी मजुरांकडे जाते. शंकर गुहा नियोगी यांच्या संघटनेने सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस वीर नारायणसिंह दिन पाळायला सुरुवात केली. त्यांच्या सांगण्यात कोठार मध्यभागी होते, कारण मजुरीचा भाव, कंत्राटदार आणि दारूचा गुत्ता यांच्याशी लढताना त्यांना तेच जवळचे वाटत होते. या स्मृतीची किंमतही मोजावी लागली. २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईत झोपेत असताना नियोगींची गोळी घालून हत्या झाली. १ जुलै १९९२ रोजी भिलाईतच रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार होऊन पंधराहून अधिक जण ठार झाले. हत्येच्या खटल्यात सत्र न्यायालयाने काही उद्योगपतींनाही दोषी धरले होते; उच्च न्यायालयाने सर्वांना सोडले; २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष गोळी झाडणाऱ्यास जन्मठेप दिली आणि उद्योगपतींची सुटका कायम ठेवली. न्यायालयाचा निर्णय मान्य करूनही एक प्रश्न शिल्लक राहतो: गोळी झाडणाऱ्याचे नियोगींशी वैयक्तिक वैर काय होते?

त्याच काळात राज्यसंस्थेने नारायणसिंहांना आपलेसे केले. १९८७ मध्ये टपाल तिकीट निघाले. त्यावर त्यांना तोफेसमोर उभे केले आहे. फाशी की तोफ, हा वाद तेव्हापासून चालू आहे. नव्या रायपुरातील आंतरराष्ट्रीय क्रिकेट मैदानाला त्यांचे नाव मिळाले. १ नोव्हेंबर २०२५ रोजी, राज्याच्या रौप्यमहोत्सवी दिनी, पंतप्रधानांच्या हस्ते नवा रायपुरात त्यांच्या नावाच्या स्मारकाचे आणि आदिवासी स्वातंत्र्यसैनिक संग्रहालयाचे उद्घाटन झाले. हा गौरव उशिरा का होईना झाला, हे योग्यच. त्यास फॅसिझम म्हणणे हा शब्दाचा अपव्यय ठरेल. खटकते ते एवढेच, की समारंभी भाषणांतला नारायणसिंह परकीय सत्तेशी लढतो आणि कोठार ही त्याच्या चरित्रातली आरंभीची एक हकीकत होऊन बसते.

हा फरक व्यवहारात किती महाग पडतो, हे छत्तीसगडाने पाहिले आहे. जून २००५ मध्ये लोहंडीगुड्याच्या पोलाद प्रकल्पासाठी राज्य सरकारने टाटांशी करार केला. त्याच महिन्यात बस्तरात 'सलवा जुडूम' सुरू झाले. या दोहोंत थेट कार्यकारणभाव सिद्ध झाला, असे म्हणणे धाडसाचे होईल, आणि माओवाद्यांच्या क्रौर्याचा विसर पडून चालणार नाही. तथापि नागरिकांच्याच हाती शस्त्रे देऊन नागरिकांवर सोडण्याची ती पद्धत सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०११ च्या निकालात घटनाबाह्य ठरविली आणि तसे करताना नैसर्गिक संपत्तीच्या ओरबाडणीवर टिकणाऱ्या विकासनीतीवरही कठोर ताशेरे ओढले. लोहंडीगुड्यात पोलादाचा कारखाना काही झालाच नाही. २०१९ मध्ये दहा गावांतील सतराशेवर शेतकऱ्यांना जमिनी परत मिळाल्या. मुसोलिनीच्या इटलीत असे न्यायालय नव्हते आणि जमिनी परत करावयास लावणारी निवडणूकही नव्हती. भारताची तुलना त्या राजवटीशी करणाऱ्यांनी एवढा फरक नजरेआड करू नये.

परंतु संस्था शाबूत असताना सवयी बदलू शकतात. २३ सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेने तीन कामगार संहिता मंजूर केल्या, तेव्हा बहुतेक विरोधी पक्षांनी कामकाजावर बहिष्कार टाकला होता. आधीच्या संहितेसह एकूण २९ कायद्यांची जागा घेणाऱ्या चार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. आता कोणत्याही औद्योगिक आस्थापनेत संपाआधी चौदा दिवसांची नोटीस बंधनकारक आहे. ही संपबंदी नव्हे. १९२६ च्या इटालियन कायद्याशी तिची बरोबरी करता येणार नाही. मात्र कोट्यवधी मजुरांच्या हक्कांचा विषय त्या दिवशी ज्या तुटपुंज्या चर्चेवर निकालात निघाला, त्याच्याहून कितीतरी अधिक तास ही सभागृहे इतिहासपुरुषांच्या मानापमानावर खर्ची घालतात, हे पत्रकार कक्षातून पाहणाऱ्यास विसरता येत नाही.

ऑक्टोबर २०२१ मध्ये हसदेव अरण्यातील आदिवासी सुमारे तीनशे किलोमीटर पायी चालत रायपूरला आले. कोळसा खाणींसाठी दाखविलेली ग्रामसभांची संमती खरी नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जुलै २०२२ मध्ये हसदेवमधील सर्व खाणपट्टे रद्द करावेत, असा ठराव छत्तीसगड विधानसभेने एकमताने केला. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदलताच वृक्षतोड पुन्हा सुरू झाली. एकमताने ठराव करणाऱ्या दोन्ही बाजूंच्या सदस्यांना नारायणसिंहांविषयी आदर आहे, यात शंका नाही. सरकारी अभिवादन १० डिसेंबरला होते. दल्ली-राजहराच्या मजुरांनी पाळलेला दिवस १९ डिसेंबरचा. तारखेचा हा वाद इतिहासकारांनी केव्हाच मिटवायला हवा होता. पण तो मिटलेला नाही, आणि कोठाराची गोष्ट अजूनही बहुधा दुसऱ्या तारखेलाच सांगितली जाते.